तक्रारबाईचा दोनशे चौदा

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तक्रार विभाग होता, आणि तक्रार विभाग म्हणजे ती एकटीच होती. म्हणून ती तक्रारबाई. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला याच नावाने हाक मारत. खरं तर त्या अख्ख्या इमारतीत तिच्याइतकी कमी कुरकुर करणारी दुसरी बाई सापडली नसती. पण टोपणनाव चिकटताना कोण कोणाला विचारतं? चिकटलं की चिकटलं.

तिची जागा खिडकीशेजारच्या कोपऱ्यात होती. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलावर एक फोन, मुळात कुठल्या रंगाचा होता ते आता सांगता येऊ नये असा. त्याचं एक्स्टेन्शन दोनशे चौदा. कंपनीच्या नंबराच्या शेवटी हे तीन आकडे फिरवले की बाहेरचा फोन मध्ये कुठेही न थांबता थेट तिच्या टेबलावर वाजायचा. दिवसभर लोक त्या फोनवर तिला फाडून खायला उठत. कोणाचा पंप पाणी ओढत नाही, कोणाचा चालू केला की धूर सोडतो, कोणाच्या पंपाचा आवाज ऐकून शेजारी भांडायला आलेला. ती सुरुवातीला म्हणायची, "तक्रार विभाग, बोला." शेवटी म्हणायची, "नोंद घेतली." मध्ये ती नुसती ऐकत असे. आणि गंमत अशी की तावातावाने बोलायला लागलेला माणूस फोन ठेवताना तिलाच तब्येतीची काळजी घ्यायला सांगायचा.

दुपारी चार वाजता मात्र एक वेगळी तक्रार यायची.

तिचा मुलगा शाळेतून एकटा घरी यायला लागला तेव्हापासूनची ती पद्धत. गळ्यात किल्ली, पाठीवर दप्तर. दार उघडून आत शिरलं की बूटही न काढता तो आधी फोन करायचा. तेव्हाच्या साहेबांना ऑफिसच्या फोनवर घरच्या गप्पा मारलेल्या अजिबात खपायच्या नाहीत, आणि ते नेमके चारच्या सुमाराला पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारायचे. म्हणून दोघांनी ठरवून टाकलं होतं.

"तक्रार विभाग, बोला."

"आलो."

"नोंद घेतली."

संपलं. साहेब पलीकडे गेलेले असले तर मात्र पोराला चेव यायचा. आवाज घोगरा करून तो म्हणायचा, "बाई, तुमच्या कंपनीच्या डब्याचं झाकण निघत नाही. खाऊ आत अडकलाय."

"डावीकडे फिरवा."

"फिरवलं. आता झाकण हातात आलंय आणि खाऊ जमिनीवर गेलाय."

"आमचा माणूस सहा वाजता येईल. तो येऊन तुम्हाला फटके देईल."

"माणूस नको, तुम्हीच या," असं म्हणून तो खिदळत फोन ठेवायचा. कधी ती जागेवर नसली आणि दुसऱ्या कोणी फोन उचलला, तर तो मोठ्या माणसाच्या थाटात म्हणायचा, "तक्रारबाईंना द्या." सगळ्यांना तो आवाज पाठ होता. लोक हसत हसत ओरडायचे, "तक्रारबाई, तुमचं मोठं गिऱ्हाईक आलंय!" आईला तिच्या नावाने विचारावं हे त्याला कधी सुचलंच नाही. ऑफिसातली आई म्हणजे तक्रारबाई, एवढंच त्याला ठाऊक.

पोरगा मोठा झाला तसं त्याचं आणि बापाचं बिनसत गेलं. बापाला मुलगा सरकारी नोकरीत चिकटलेला बघायचा होता. मुलाला यंत्रं उघडायची आणि पुन्हा जोडायची, याखेरीज कशातच रस नव्हता. एकदा तो परीक्षेच्या हॉलमधून कोरा पेपर देऊन निघून आला. त्या संध्याकाळी घरात जे झालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. शेवटी बाप ओरडला, "चालता हो. पुन्हा या दारात पाऊल ठेवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" पोराने आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पुसायला घेतलेलं ताट. दिवसभर जगाच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्या त्या बाईच्या तोंडून त्या वेळी एक शब्द फुटला नाही. पोराने पिशवी उचलली आणि तो गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

बापाने रागाच्या भरात घरचा फोनही काढून टाकला. तिच्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता. पुढे घर बदललं, जुनं घर पाडून तिथे भलतंच काही उभं राहिलं. म्हणजे पोराने आईला गाठायचं म्हटलं तर त्याच्या हातात एकच धागा उरला होता, लहानपणी पाठ केलेला.

त्या धाग्याला एकदाच ओढ लागली. तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी. चार वाजले होते, फोन वाजला, ती म्हणाली, "तक्रार विभाग, बोला," आणि पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास. आईला श्वास ओळखायला वेळ लागत नाही. तिच्या हातातलं पेन खाली पडलं. आजूबाजूला माणसं होती, तरी ती तोंडाशी हात आडवा धरून घाईघाईने म्हणाली, "मी इथेच आहे रे. याच नंबरवर. कधीही कर. मी कुठेही जाणार नाही." फोन ठेवल्याचा आवाज आला.

आणि बाईने शब्द पाळला. किती पाळावा? वरच्या मजल्यावर बढती मिळत होती, ती तिने नाकारली, कारण तिथलं एक्स्टेन्शन वेगळं. लोक म्हणाले, वेड लागलंय. अंगात ताप घेऊन ती कामावर यायची. चारच्या आसपास तिला कोणी जागेवरून हलवून दाखवावं; साहेबांनी बोलावलं तरी "पाच मिनिटांत येते" म्हणून फोनकडे बघत बसायची. नवरा हृदयविकाराने एकाएकी गेला, तेव्हाही आठवडा उलटायच्या आत ती टेबलाशी हजर. लोक मागे कुजबुजले, "दगडाच्या काळजाची आहे हो." नवऱ्याने घातलेली शपथ आता नवऱ्याबरोबरच संपली होती, पोराला दार उघडं होतं, आणि हे पोराला सांगायचं कसं, या विचाराने तिचं काळीज आतून कुरतडलं जात होतं. हे कोणाला माहीत असणार? तिने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

मग नवे साहेब आले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. हसतमुख होता, सगळ्यांशी अदबीने बोलायचा. फक्त त्याला जुनं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. आल्या आल्या त्याने मजल्यावरच्या भिंती पाडल्या. मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आजपासून कोणाचं टेबल कोणाचं नाही. सकाळी यायचं, कपाटातून आपला खोका घ्यायचा, रिकामं टेबल दिसेल तिथे बसायचं आणि तिथल्या फोनवर आपला नंबर दाबायचा. मग तो फोन दिवसभर आपला. संध्याकाळी नंबर काढून टाकायचा. शिवाय प्रत्येकाला कंपनीचा मोबाइल मिळेल आणि ऑफिसचा फोन त्या मोबाइलवरही वाजेल, म्हणजे माणूस जिन्यात असो की घरी, फोन त्याच्या मागे येणार. जुने तीन आकडी नंबर जाऊन नवे चार आकडी येणार.

"आणि हो," साहेब म्हणाले, "तक्रार विभाग हे नावही आजपासून बंद. ऐकूनच गिऱ्हाईक हबकतं. आता आपण ग्राहक सेवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.  तक्रारबाई उठून साहेबांच्या मागे मागे गेली.

"साहेब, माझा नंबर तेवढा राहू द्या."

"अहो ताई, नंबराला काय सोनं लागलंय?" साहेब हसले. "नवा नंबर आठवड्यात पाठ होईल तुम्हाला."

मला होईल हो, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पुढचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, भिंती नसलेल्या त्या मजल्यावर, सगळ्यांच्या देखत. ती गप्प राहिली. दारात ताट धरून उभी राहिली होती तशीच.

फोनची जोडणी करायला बाहेरच्या कंपनीचा एक माणूस आला होता. कायम कुठल्या ना कुठल्या टेबलाखाली आडवा असायचा, बाहेर फक्त त्याचे पाय दिसत. सगळे त्याला तारवाला म्हणू लागले होते. तो तिच्या टेबलाखाली शिरला तेव्हा ती खुर्चीवरून उठेना.

"ताई, जरा पाय घ्या. ही जुनी वायर काढायचीय."

"नका काढू."

तारवाल्याने डोकं बाहेर काढलं. बाईचे डोळे भरलेले. तो उठून बसला, हात पँटला पुसले आणि विचारलं, "काय झालं?"

एवढंच विचारलं. पण इतक्या वर्षांत हे विचारणारा तो पहिलाच. तिने सगळं सांगितलं. किल्ली, दप्तर, चार वाजता "आलो", ताट, शपथ, तो श्वास. तारवाला जमिनीवर मांडी घालून ऐकत राहिला. तिचं बोलून झाल्यावर त्याने नाक ओढलं आणि म्हणाला, "एवढंच ना? दोनशे चौदा मी मरू देत नाही. नवा नंबर असू दे तुम्हाला, त्याच्या पोटात हा जुना ठेवून देतो. बाहेरून कोणी दोनशे चौदा फिरवला की तुमच्या मोबाइलवर वाजणार. तुम्ही बाजारात असा, अंथरुणात असा. उलट बरंच झालं की! आता टेबलाशी बांधून घ्यायला नको."

तिने मोबाइल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. तिचा त्या चपट्या वस्तूवर विश्वास बसेना.

"याची बॅटरी संपली तर?"

"चार्ज करायची."

"लिफ्टमध्ये लागला नाही तर?"

"ताई, तुम्ही लिफ्टमध्ये राहता का?"

"नाही, पण नेमका तेव्हाच आला तर? असं करा दादा, मोबाइलवर वाजू दे, आणि इथेही वाजू दे. या टेबलावर. कायमचा."

तारवाल्याने मान खाजवली. "येईल करता. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन्हीकडे एकदम वाजणार, आणि जो आधी उचलेल त्याचा फोन. दुसरीकडचा तिथल्या तिथे गप्प होतो."

"मीच उचलणार की! इथे दुसरं कोण बसतंय?"

सुरुवातीला कोणी बसलंही नाही. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि कोपरा धरायची. पुठ्ठ्याची घडी अजून तिथेच होती. साहेब दोनदा गमतीने म्हणाले, "ताई, रोज तीच जागा? नियम मोडताय हं!" तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण हळूहळू मोबाइलचा तिला भरवसा वाटायला लागला. कोणी पंपवाला फोन करायचा तो खरंच जिन्यातही वाजायचा, गच्चीवरही वाजायचा. एक दिवस ती चार वाजता चक्क इतर बायकांबरोबर खाली चहाला गेली. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. "सूर्य कुठे उगवला आज?" एक जण म्हणाली. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती, पण चहा तिने बाहेर उभं राहून घेतला, रस्ता बघत, झाडं बघत. एका रविवारी ती बहिणीकडे मुक्कामाला गेली. बहीण म्हणाली, "तुझा चेहरा किती दिवसांनी असा बघतेय मी." बाईला स्वतःलाच नवल वाटलं. दोऱ्या सोडल्यावर अंगाला जसं हलकं वाटतं तसं तिला वाटत होतं. मला विचाराल तर तिच्या त्या वर्षांतले हेच चार दिवस बरे गेले. म्हणूनच पुढचं सांगणं मला जड जातं.

ग्राहक सेवेत एक नवी मुलगी लागली. पोटुशी होती. पाय सुजलेले, थंड हवेच्या झोताखाली बसली की मळमळायचं, आणि टेबल मिळेल ते घ्यायचं असल्याने बिचारीला रोज झोताखालचंच मिळायचं. तक्रारबाईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने आपला खोका उचलला.

"ये ग, तू इथे बस. खिडकी उघडता येते."

"पण ताई, ही तुमची जागा आहे ना?"

"आता कुठे कोणाची जागा असते?" तक्रारबाई हसली. "माझा फोन माझ्या पर्समध्ये आहे."

टेबलावरही तोच फोन वाजतो, हे तिच्या डोक्यातून पार निघून गेलं. निघून जावं असंच झालं होतं सगळं. तिथलं वाजणं बंद करायला तारवाल्याला कळवायचं राहिलं. आणि त्या टेबलावर वाजणारे बहुतेक फोन आता नव्या नंबरांवर यायचे. दोनशे चौदा कोणी फिरवतच नव्हतं. भिंतीवर साहेबांनी नवा नियम लावला होता: वाजणारा फोन कोणाचाही असो, जवळ असेल त्याने लगेच उचलावा. मुलगी नवी, गुणी, नियम पाळणारी.

मंगळवार होता. मजल्याच्या दुसऱ्या टोकाला साहेबांनी सगळ्या जुन्या लोकांना नवी यंत्रणा समजावून सांगायला बसवलं होतं. पडद्यावर चित्रं चालू होती. चार वाजत आले होते. तक्रारबाईच्या मांडीवर पर्स होती.

पर्स वाजली.

एकदाच. म्हणजे पुरतं एकदाही नाही. आवाज सुरू झाला आणि मधेच तुटला. तिने घाईघाईने चेन ओढली, चेन अडकली, ओढली, मोबाइल बाहेर काढला, चष्मा लावला. मोबाइलच्या पडद्यावर लिहिलं होतं: दोनशे चौदा. त्याच्या खाली: दुसरीकडे उचलला.

क्षणभर तिला अर्थच लागेना. दुसरीकडे कुठे? मग लागला. ती उठली तशी खुर्ची मागे पडली. साहेब बोलायचे थांबले. पन्नाशी ओलांडलेली ती बाई भिंती नसलेल्या त्या लांबलचक मजल्यावरून टेबलांच्या कडांना आपटत धावत सुटली.

नवी मुलगी रिसिव्हर जागेवर ठेवत होती.

"कोणाचा होता?" बाईला धाप लागली होती. "आत्ता. कोण होतं?"

"राँग नंबर होता, ताई." मुलगी घाबरली. "मी म्हटलं, नमस्कार, ग्राहक सेवा. तर आधी एक लहान मुलगी बोलली. अगदी छोटी. म्हणाली, 'आले.' मी विचारलं, कोण बाळा, कुठे आलीस? मग तिच्याकडून कोणीतरी फोन घेतला. माणूस होता. म्हणाला, 'तक्रारबाईंना द्या.'"

"मग?"

"मी म्हटलं, इथे तक्रारबाई म्हणून कोणी नाही."

बाईने टेबलाची कड धरली.

"त्यांनी विचारलं, खिडकीशेजारी बसायच्या त्या? मी म्हटलं, इथे मीच बसते, आणि तसं नाव मी कधी ऐकलेलं नाही. मग ते नुसतं 'बरं' म्हणाले आणि ठेवला." मुलीचे डोळे भरून आले. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. कोण आहेत तक्रारबाई?"

खरं होतं तिचं. विभागाचं नाव गेलं त्याबरोबर ते टोपणनावही गेलं होतं. नव्या लोकांनी ते ऐकलंच नव्हतं. तक्रारबाईने त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काही चुकलं नाही ग," ती म्हणाली. मग ती पुठ्ठ्याच्या घडीशेजारी खाली जमिनीवरच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. इतकी वर्षं न रडलेलं एकदम रडली.

तारवाला दुसऱ्या मजल्यावर होता. कोणीतरी त्याला बोलावून आणलं. त्याने यंत्रात डोकं घातलं आणि फोन कुठून आला होता तो नंबर शोधला. बसस्टँडवरच्या एका दुकानाचा. त्याने लावून पाहिला.

"होते हो," दुकानदार म्हणाला. "आत्ताच गेले की. मागे गाड्या लागल्यात तिकडे."

तारवाल्याने स्कूटर काढली. बाई मागे बसली. सिग्नलला तो थांबला की ती त्याच्या पाठीवर हाताने मारायची, "चला ना, दादा, चला ना."

बसस्टँडवर गाड्या सुटत होत्या, गाड्या येत होत्या. ती प्रत्येक गाडीपाशी धावत गेली, खिडक्यांमधून एकेक चेहरा बघत. तारवाला दुसऱ्या बाजूने बघत येत होता. तीन-चार गाड्या तिच्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर पडल्या, त्यांत नीट बघायलाही मिळालं नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती सगळीकडे एका अठरा वर्षांच्या पोराला शोधते आहे. आजचा त्याचा चेहरा तिला माहीतच नव्हता. कदाचित एखाद्या खिडकीत तो होता, आणि ती त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेली होती. ती तिथेच फलाटाच्या कडेला थबकली. तारवाल्याने तिला हाताला धरून दुकानापाशी आणलं.

बॅगा आणि कुलपं विकणारा माणूस होता तो. त्याने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"मोबाइल बंद पडलाय म्हणाला. म्हटलं, करा इथून. नंबर कुठे बघितला नाही, पाठ होता. लेकीला उचलून काउंटरवर बसवलं, रिसिव्हर तिच्या कानाला लावला. म्हणाला, 'आजी बोलली की फक्त आले म्हणायचं. मग बघ आजी काय म्हणते.' पोरगी इतकी हसत होती."

"कशी आहे?" बाईने विचारलं. "दिसायला?"

"गोड आहे. पुढचे दोन दात पडलेत."

"आणि तो?"

दुकानदाराने विचार केला. "लांबच्या प्रवासाने थकलेला वाटला. केस पिकायला लागलेत कानापाशी. फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत राहिला. पोरगी विचारायला लागली, बाबा, आजी काय म्हणाली? तर म्हणाला, आजी नाही ग तिथे आता."

तारवाल्याने तोंड फिरवलं.

"कुठल्या गाडीत बसले?"

"ते नाही पाहिलं बाई. गिऱ्हाईक आलं होतं."

तिने आपलं नाव आणि नंबर दुकानदाराकडे लिहून ठेवला. पुन्हा कधी दिसले तर. दुकानदार हो हो म्हणाला. त्यालाही कळत होतं आणि तिलाही कळत होतं. बाहेर दिवे लागले. तारवाला म्हणाला, "चला ताई, घरी सोडतो." ती उठली नाही. काउंटरवरच्या फोनकडे ती बघत होती. काउंटरच्या काचेवर छोट्या हातांचे ठसे उमटलेले होते, अजून कोणी पुसले नव्हते.

"मी एक फोन करू?" तिने विचारलं.

दुकानदाराने फोन तिच्याकडे सरकवला. तिने रिसिव्हर कानाला लावला आणि कंपनीचा नंबर फिरवला, शेवटी दोन, एक, चार. ऑफिस सुटलं होतं, कोपऱ्यातल्या टेबलाशी आता कोणी नव्हतं. पलीकडे घंटी वाजू लागली, आणि तिच्या मांडीवरची पर्सही वाजू लागली. या वेळी मधे कोणी उचलला नाही. पुरती वाजली, पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. चेन या वेळी अडकली नाही. तिने मोबाइल काढला आणि दुसऱ्या कानाला लावला. सवयीने तिच्या तोंडून गेलं, "तक्रार विभाग, बोला."

आणि रिसिव्हरमधून, किंचित मागून, तिचाच आवाज तिच्या कानात आला. तक्रार विभाग, बोला. एवढंच ऐकायला तो इतक्या लांबून लेकीला घेऊन आला होता. ती दोन्ही कानांना दोन फोन धरून तशीच बसून राहिली.

"लागला का?" दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं.

"लागला," ती म्हणाली. "मी आहे तिथे. मी तिथेच आहे."